वीस वेळा तोच माणूस

एम-थ्री माझा दोनदा राहिला. तिसऱ्यांदा फॉर्म भरताना वाटलं, आता बास! नेमकं तेव्हाच टेड ‘किड’ लुईस या इंग्लिश बॉक्सरबद्दल वाचनात आलं. हा पठ्ठ्या एकाच माणसाशी वीस वेळा लढला होता. मी गुपचूप फॉर्म भरून टाकला.

त्याचं खरं नाव गर्शन मेंडेलॉफ. लंडनच्या ईस्ट एन्डमधल्या गरीब ज्यू वस्तीतलं पोर, वडील फर्निचर बनवणारे. १९०९ पासून पैशासाठी लढायला लागला आणि १९१३ मध्ये ब्रिटनचा फेदरवेट विजेता झाला. पुढे ऑस्ट्रेलिया करून अमेरिकेला गेला. तिथे भेटला जॅक ब्रिटन. (नावावर जाऊ नका, तो पक्का अमेरिकन!)

वेल्टरवेट म्हणजे साधारण ६६-६७ किलोपर्यंतचा गट. १९१५ मध्ये बोस्टनला लुईसने ब्रिटनला हरवून जागतिक विजेतेपद मिळवलं. १९१६ मध्ये ब्रिटनने ते परत नेलं, १९१७ मध्ये लुईसने पुन्हा हिसकावलं आणि १९१९ मध्ये नवव्या फेरीत आडवा होऊन गमावलं ते कायमचंच. तरीही १९२१ मध्ये परत त्याच्याच समोर उभा! हरला, ही गोष्ट वेगळी.

आपल्या ब्रँचवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे दातांवर बसवायचं रबरी कवच. जॅक मार्क्स नावाच्या डेंटिस्टने ते बनवलं आणि रिंगमध्ये ते वापरणाऱ्या पहिल्या काही जणांत लुईस होता. समोरच्यांनी आरडाओरडा केला. आज त्याशिवाय कुणी उतरत नाही.

१९२२ मध्ये मात्र गडबड झाली. आपल्यापेक्षा वजनदार अशा जॉर्ज कार्पेंटियेशी लढताना तक्रार करायला रेफ्रीकडे मान वळवली, आणि पहिल्याच फेरीत खेळ खलास.

पण त्याहून मोठा फटका रिंगबाहेर बसला. मोस्ली या पुढाऱ्याच्या पोरांना त्याने बॉक्सिंग शिकवलं, १९३१ मध्ये त्याच्याच पक्षातर्फे आपल्या जुन्या वस्तीतून निवडणूक लढवली. मतं पडली १५४! हा पुढारी ज्यूंच्या मुळावर उठलाय हे कळल्यावर लुईस बाहेर पडला. वस्तीतल्या लोकांना जे आधीच दिसलं, ते याला उशिरा दिसलं. मला त्याच्या सगळ्या हारण्यात ही एकच लागली.

१९७० मध्ये लंडनमध्ये तो गेला. ब्रिटन त्याच्या आठ वर्षं आधी.

माझा निकाल अजून लागायचाय.