अमेरिकेचा नकार, रशियाचे मिग : ओझरला विमान कारखाना कसा आला?

लढाऊ विमान विकत घेता येते. पण विकणाऱ्याने उद्या सुटे भागच रोखले तर? संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यापुढे हा प्रश्न होता.

देवराष्ट्रे येथे १२ मार्च १९१३ रोजी जन्मलेले यशवंतराव महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. चीनकडून हार पत्करावी लागल्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले.

पाकिस्तानकडे अमेरिकेची एफ-१०४ विमाने होती. तीच मागायला यशवंतराव मे १९६४ मध्ये अमेरिकेला गेले. दौऱ्यातच नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि त्यांना परतावे लागले. एफ-१०४ काही मिळाली नाहीत. मग त्याच वर्षी त्यांनी मॉस्को गाठले. मिग-२१ चा सौदा कृष्ण मेनन यांच्या काळात १९६२ मध्येच ठरला होता, ते श्रेय मेनन यांचेच. भारतात उत्पादनाची बाजू मात्र यशवंतरावांनी पक्की केली. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी वाटणी झाली. नाशिक हा त्यांचाच मतदारसंघ. तिथून ते लोकसभेवर बिनविरोध गेले होते!

सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध पेटताच अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रे रोखली. पाकिस्तानची बहुतेक लढाऊ विमाने अमेरिकी, त्यामुळे त्याला फटका मोठा बसला. त्याने शेजारच्या चीनकडून एफ-६ घेतली. गंमत म्हणजे तीही रशियाच्याच मिग-१९ ची चिनी आवृत्ती.

यशवंतराव १९६६ मध्ये गृहमंत्री झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. ओझरला पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० विमानेही तयार झाली.