रेनिनचे शोधक प्रा. रॉबर्ट टिगरस्टेट (१८५३–१९२३)

आपल्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांच्या घरांत सकाळच्या चहाबरोबर रक्तदाबाची गोळी घेतली जात नाही असे घर आज विरळाच. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. गोळीचे नाव आपणांस तोंडपाठ असते. परंतु मूत्रपिंडातून निघणारा एक पदार्थ रक्तदाब वाढवितो हे ज्यांनी प्रथम प्रयोगाने दाखवून दिले, त्यांचे नाव सहसा कोणी ऐकलेले नसते. मी आयुष्यभर मुलांना शास्त्र हा विषय शिकविला, पण मीही ते नाव वर्गात कधी घेतले नाही. कारण मलाच ते ठाऊक नव्हते. गोळी सुरू झाल्यावर कुतूहल जागे झाले आणि जे वाचनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

रॉबर्ट टिगरस्टेट ह्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८५३ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे झाला. तो देश त्या काळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. हेलसिंकीच्याच विद्यापीठात वैद्यकाचे अध्ययन पुरे करून ते स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत गेले आणि १८८६ साली तेथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. हृदय आणि रुधिराभिसरण हा त्यांचा मुख्य विषय. त्यावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. माणसाचे अन्न आणि श्वसन ह्यांचे मोजमाप हा त्यांचा दुसरा आवडता विषय. त्यासाठी सोन्डेन ह्या सहकाऱ्यासमवेत त्यांनी स्टॉकहोममध्ये एक मोठी बंद खोली उभारली. तीत अनेक माणसांना एकदम बसवून त्यांच्या श्वासातून किती कर्बवायू बाहेर पडतो हे मोजीत. शाळकरी मुलांनाही त्या खोलीत बसविले होते. मुलांना इतका वेळ एका जागी कसे बसविले असेल, हा प्रश्न माझ्यातील मास्तराला पडल्यावाचून राहिला नाही!

ज्या संशोधनामुळे त्यांचे नाव राहिले, त्याचा आरंभ १८९६ च्या नोव्हेंबरात झाला. त्या सुमारास निरनिराळ्या ग्रंथींचे अर्क काढून ते प्राण्यांना टोचून पाहण्याची लाट युरोपात आली होती. वृक्कावरील ग्रंथीच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या लहानशा ग्रंथीच्या, अर्काने रक्तदाब चढतो हे इंग्लंडात नुकतेच सिद्ध झाले होते. मग खुद्द मूत्रपिंडात असे काही असेल काय? पेर बेर्गमन नावाच्या विद्यार्थ्याला हाताशी घेऊन टिगरस्टेट ह्यांनी सशाचे मूत्रपिंड वाटून त्याचा अर्क तयार केला आणि तो दुसऱ्या सशाच्या मानेतील शिरेत टोचला. थोड्याच वेळात रक्तदाब चढला आणि काही काळ चढलेलाच राहिला.

एवढ्यावर थांबून गाजावाजा करणारे पुष्कळ असतात. ह्या दोघांनी मात्र शंकेस एकेक करून वाट दिली. मूत्रपिंडाचा बाहेरचा थर आणि आतला गाभा वेगळे करून दोहोंचे अर्क काढले, तेव्हा गुण बाहेरच्या थरातच आढळला. अर्क उकळला, तेव्हा गुण नाहीसा झाला. म्हणजे हा साधा क्षार नव्हे. मज्जारज्जूकडून येणाऱ्या आज्ञा तोडून पाहिल्या, तरी दाब चढलाच. म्हणजे परिणाम थेट रक्तवाहिन्यांवर होत असला पाहिजे. मूत्रपिंडातून परत निघणाऱ्या शिरेच्या रक्तातही तोच गुण मिळाला. म्हणजे हा पदार्थ मूत्रपिंड स्वतः रक्तात सोडते. त्या पदार्थाला त्यांनी रेनिन हे नाव दिले. १८९८ साली ‘मूत्रपिंड आणि रुधिराभिसरण’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली पन्नासएक पानांचा जर्मन निबंध प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात हृदय का मोठे होते, हे कोडे लंडनच्या रिचर्ड ब्राइट ह्यांच्या काळापासून, म्हणजे १८३६ पासून, वैद्यांना पडलेले होते. त्याच्याशी ह्या पदार्थाचा संबंध असू शकेल, असेही त्यांनी सुचविले.

आणि पुढे काय झाले? काहीच नाही. इतरांना तो प्रयोग नीट साधला नाही. रोग्याच्या दंडाला पट्टी बांधून दाब मोजण्याचे इटालियन उपकरण १८९६ सालीच निघाले होते. वाढलेला रक्तदाब हा घरोघरचा विकार आहे, ही जाणीवच वैद्यांना अजून व्हावयाची होती. बेर्गमन संशोधन सोडून निघून गेले आणि स्वतः टिगरस्टेटही त्या विषयाकडे पुन्हा वळले नाहीत. माझ्या मते ही त्यांची चूकच होय. घर बांधून त्यात राहावयाचे नाही, तसा हा प्रकार झाला.

१९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट ह्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चांदीचा चिमटा लावून रक्तदाब वाढवून दाखविला, तेव्हा कोठे जुन्या निबंधावरची धूळ झटकली गेली. रेनिन स्वतः दाब वाढवीत नाही, तर रक्तातील दुसऱ्या एका द्रव्यावर क्रिया करून दाब वाढविणारा पदार्थ निर्माण करण्यास कारण होते, हे १९४० च्या सुमारास अर्जेंटिना आणि अमेरिका येथे स्वतंत्रपणे उलगडले. दोन्ही गटांनी आपापली नावे दिली होती. १९५८ साली दोन्हींची अर्धी-अर्धी अक्षरे जुळवून ‘अँजिओटेन्सिन’ हे एकच नाव ठरविण्यात आले. वादाचा असा शेवट सभासंमेलनांतून क्वचितच पाहावयास मिळतो.

ह्याच साखळीची एक कडी रोखणारे कॅप्टोप्रिल हे औषध ब्राझीलमधील एका सर्पाच्या विषाच्या अभ्यासातून जन्मले आणि १९८१ साली अमेरिकेत मान्य झाले. आरंभी मोठ्या मात्रेत दिल्यामुळे काही रोग्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. मात्रा उतरविल्यावर हे उपद्रव कमी झाले. ह्या वर्गातील औषधे गर्भवती स्त्रीने घेतल्यास गर्भाच्या मूत्रपिंडांस इजा पोहोचते, हेही पुढे कळून आले. आपल्या भगिनींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे आणि घरातील दुसऱ्याची गोळी आपण घेऊ नये. खुद्द रेनिनलाच अडविणारे ॲलिस्किरेन २००७ साली बाजारात आले. मधुमेही रोग्यांना आधीच्या औषधांच्या जोडीला ते देऊन पाहण्याची मोठी चाचणी मात्र २०११ च्या डिसेंबरात थांबवावी लागली. कारण फायदा तर दिसेना, उलट अपाय होऊ लागले.

टिगरस्टेट विसाव्या शतकाच्या प्रारंभी मायदेशी परतले आणि हेलसिंकीस प्राध्यापक झाले. १९०१ साली नोबेल पारितोषिकासाठी पाव्हलॉव्ह ह्यांचे काम पाहण्यास ते पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत गेले होते. १९०४ साली पाव्हलॉव्ह ह्यांना तो मान मिळाला.

१९१८ साली फिनलंडात यादवी युद्ध झाले. पराभूत पक्षाचे हजारो लोक छावण्यांत कोंडले गेले आणि तेथे भुकेने व साथींनी मरू लागले. त्या उन्हाळ्यात पासष्ट वर्षांच्या टिगरस्टेट ह्यांनी तम्मिसारी येथील छावणीची पाहणी केली. माणसाला जगण्यास किती अन्न लागते, हे ज्याने आयुष्यभर मोजले, त्याला कैद्यांच्या ताटातील अन्न पाहून हिशेब करण्यास वेळ लागला नाही. एवढ्या अन्नावर ही माणसे जगणे शक्य नाही, असा त्यांच्या अहवालाचा आशय होता. अहवाल गुप्त होता, परंतु तो स्वीडनच्या वृत्तपत्रांत फुटला आणि विजयी सरकारची जगात नाचक्की झाली. त्या एका छावणीतच सुमारे तीन हजार माणसे दगावली.

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. रुधिराभिसरणावरील आपला जुना ग्रंथ नव्याने लिहून त्यांनी १९२१ ते १९२३ ह्या काळात चार खंडांत प्रसिद्ध केला आणि २ डिसेंबर १९२३ रोजी हेलसिंकी येथे त्यांचे देहावसान झाले. गोल्डब्लाट ह्यांचा प्रयोग तेव्हा अकरा वर्षे दूर होता.