शंकर आबाजी भिसे

स्मरणिकेसाठी स्वतःच्या कामाविषयी लिही, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. संशोधकांना लागणारी वैद्यकीय उपकरणे आणि ती चालवणारी सॉफ्टवेअर तयार करणे, हा माझा उद्योग. तो कोरडा विषय आहे. गुरुजन आणि मित्रमंडळींनी त्याऐवजी माझ्याच धंद्यातल्या एका पूर्वजाची गोष्ट ऐकावी.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी घरातच दगडी कोळशापासून गॅस काढण्याचे यंत्र जुळवले. पुढे मुंबईत सायंटिफिक क्लब काढला आणि लोकल गाड्यांसाठी स्टेशन दाखवणारा दर्शक तयार केला. (गाडीत डोळा लागून नांदगावऐवजी मनमाडला उतरलेल्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको!) लंडनच्या एका मासिकाने किराणा माल तोलणाऱ्या यंत्राची स्पर्धा ठेवली होती. पहाटे चारला जाग आली तेव्हा भिसे यांना आराखडा सुचला, आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून त्यांनी बक्षीस मिळवले. दिनशा वाच्छांची चिठ्ठी घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांना पैसा पुरवला.

तिथे त्यांनी हाती घेतले ते छपाईचे खिळे ओतणारे यंत्र, ‘भिसोटाइप’. त्या काळी लायनोटाइप यंत्र अख्खी ओळ एका पट्टीत ओतत असे. एक अक्षर चुकले की ओळ पुन्हा. भिसे यांना सुटे खिळेच, पण फार वेगाने ओतायचे होते. वितळलेला धातू साच्यात शिरून क्षणात थिजला पाहिजे, आणि प्रत्येक खिळ्याची उंची तंतोतंत सारखी हवी. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत अवघड काम. कागदावर जमलेले यंत्र दिवसभर न कुरकुरता चालवणे किती वेगळे असते, हे मी रोज अनुभवतो.

अडले ते पैशापाशी. हिंडमन या इंग्रज समाजवादी नेत्याने भांडवल उभे करण्याचे आश्वासन दिले, ते पुरे झाले नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे यंत्र बांधून परत निघाले. बोटीवर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखल्यांनी सर रतन टाटांना लिहिले, टाटांनी मदत केली आणि काम पुन्हा सुरू झाले. १९१५ मध्ये तीही मदत थांबली.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणूस इथे थकतो. भिसे अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी आयोडीनपासून ‘अ‍ॅटोमिडीन’ नावाचे औषध बनवले, ते चालले. डोकेदुखीवरच्या उपकरणापासून आपोआप पाणी सोडणाऱ्या संडासापर्यंत त्यांनी काय काय केले! सुमारे दोनशे शोध त्यांच्या नावावर सांगितले जातात. थोडे कमी केले असते तर एखादे तडीस गेले असते, असे मला वाटते. तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांना भारताचा एडिसन म्हटले.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. छापखान्यांत तोवर लायनोटाइप आणि मोनोटाइप स्थिरावले होते. आपल्या गावच्या छापखान्यात मात्र आमच्या लहानपणीही कंपोझिटर चिमट्याने एकेक खिळा उचलून लावत असे.