पंडिता रमाबाई : सेवेआधी शिक्षण

सेवा करावी असे अनेकांना वाटते. पण सेवेसाठी आधी स्वतःला घडवावे लागते, हे थोड्यांच्याच लक्षात येते. पंडिता रमाबाईंचे जीवन या दृष्टीने चिंतन करण्यासारखे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. पुढे आईने रमाबाईंना शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी तीर्थाटन करीत त्या १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये विवाह झाला आणि दोनच वर्षांत वैधव्य आले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षिका आणि स्त्री तपासनीस हव्यात, अशी मागणी केली. इतरांकडून ज्याची अपेक्षा केली, त्याची सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वैद्यकीय शिक्षणाची इच्छा होती, पण ऐकू कमी येत असल्याने ती सोडावी लागली. त्या खचल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्या हाताखाली गणित, विज्ञान, इंग्रजी शिकल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे बालवाडीची फ्रोबेल पद्धती अभ्यासली, शाळा पाहिल्या, व्याख्याने देऊन निधी उभा केला. पंडिता ही पदवी मिळवलेली स्त्री पुन्हा विद्यार्थिनी झाली, हे विसरू नये.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

१८९३ मध्ये मात्र कसोटी आली. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या, त्या पालकांची काळजी खरी होती. रमाबाईंना आपली प्रार्थना लपवणे मान्य नव्हते, हेही खरे होते. या प्रश्नावर आजही मतभेद होऊ शकतात. पण त्यांनी काम थांबवले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शाळेबरोबर शेती, विणकाम, छापखाना चाले. अंध मुलींनाही शिकवले जाई. मोठ्या मुली लहानांना शिकवण्यासाठी तयार होत. म्हणजे शिक्षिका घडवण्याची जी मागणी त्यांनी आयोगापुढे केली होती, ती त्यांनी स्वतःच्या संस्थेत प्रत्यक्षात आणली.

१९२१ मध्ये मनोरमाचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

आपला उपासनामार्ग त्यांच्याहून वेगळा असेल. तरी एखादे केंद्र, संस्कारवर्ग किंवा शाळा चालवण्याची जबाबदारी आली, तर आपण स्वतःला विचारावे : भावना आहे, पण तयारी केली आहे का? शिकण्याची नम्रता हीसुद्धा साधनाच आहे.