आमदार, मंत्री आणि मग वाघांचा कैवारी : फत्तेसिंहराव गायकवाड

बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड म्हटलं की जुन्या मंडळींना आधी क्रिकेट आठवतं. १९५९ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे ते व्यवस्थापक होते. १९६३ मध्ये ते क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही झाले. पण आपल्या मेळघाटच्या वाघाशीही त्यांच्या कामाचा धागा जुळतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

घराणं मराठी. पणजोबा सयाजीराव महाराज मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. फत्तेसिंहराव जन्मले २ एप्रिल १९३० रोजी. बडोदा संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९५१ मध्ये महाराजपद त्यांच्याकडे आलं. गादी मिळाली, पण राज्य उरलं नव्हतं. मग ते मतं मागायला लोकांत गेले. १९५७ पासून दहा वर्षं ते खासदार होते. १९६७ मध्ये गुजरात विधानसभेत आमदार झाले, राज्यात मंत्रीही झाले.

नोव्हेंबर १९६९ मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाची भारतीय शाखा निघाली. पहिले अध्यक्ष फत्तेसिंहराव. कारभार सुरू झाला मुंबईत, फोर्टातल्या हॉर्नबिल हाऊसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जागेत. ज्या घराण्याच्या दरबारी काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, त्याच घराण्याचा वारस आता जनावरं वाचवायला उभा राहिला होता.

या खुर्चीला सरकारी अधिकार कसलाच नव्हता. हाताखाली ना वनरक्षक, ना पोलीस. निधी जमवायचा, लोकांना समजवायचं आणि सरकारच्या मागे लागायचं, एवढंच हातात. पण वेळ बरोबर होती. १९७२ च्या गणनेत देशात जेमतेम १,८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. फंडानं वाघासाठी जगभरातून दहा लाख डॉलर उभे करायचं ठरवलं. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होतं.

याचं श्रेय एकट्या फत्तेसिंहरावांचं नाही. इंदिरा गांधींनी जोर लावला, कैलास सांखलांनी प्रकल्प चालवला. पण सरकारबाहेरून रेटा देणारी संस्था त्यांच्या काळात उभी राहिली.

१ सप्टेंबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. तालुक्यातालुक्यांत आज वन्यप्राण्यांसाठी धडपडणाऱ्या पोरांकडेही ना पद असतं, ना अधिकार. फत्तेसिंहरावांनी पदं पुष्कळ भोगली, पण वाघाच्या कामी आली ती बिनअधिकाराची खुर्ची.