संत फाबियोला (मृत्यू इ. स. ३९९)

फाबियोला ही रोमच्या थोर घराण्यातील स्त्री. पती दुराचारी, म्हणून तिने त्याला सोडले. यात तिचा दोष नव्हता. परंतु तो हयात असतानाच तिने दुसरे लग्न केले. रोमन कायद्याला ते चालत होते, ख्रिस्तसभेला नव्हे. विवाहबंधन मृत्यूपर्यंत टिकते, ही प्रभूची शिकवण आहे.

दुसरा पती वारल्यावर, पास्काच्या सणापूर्वी, ती तरटाचे वस्त्र नेसून लॅटरन महामंदिरात सर्वांसमक्ष प्रायश्चित्त घेण्यास उभी राहिली. धर्मगुरूंना व भाविकांना अश्रू आवरेनात. तिला पुन्हा कम्युनियन मिळाले. मग मालमत्ता विकून तिने रोममध्ये रुग्णालय उभारले व रोग्यांच्या जखमा स्वतः धुतल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, ख्रिस्तसभेने शिकवण सोडली नाही आणि फाबियोलालाही सोडले नाही. आपल्या धर्मग्रामातील मोडलेल्या संसारांकडे आपण कसे पाहतो?