बोस यांच्या लहरी, गच्चीवरचा टॉवर

भाईंदरच्या जेसल पार्कमध्ये सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवायचा म्हटला, की पहिला प्रश्न असतो: या लहरी सोसणार किती? जगदीशचंद्र बोस यांच्या काळी हे कोणी विचारत नव्हते.

बोस यांचा जन्म १८५८चा. प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतीय म्हणून कमी पगार देऊ केला, तर त्यांनी तीन वर्षे तो घेतलाच नाही, शिकवत मात्र राहिले. १८९५च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडे रेडिओलहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. पुढे तर त्यांनी ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. अशा लहरी कातडीच्या वरच्या थरातच जिरतात. म्हणून आज त्यांची मर्यादा कातडी किती तापते यावरून ठरते.

बोस १९३७ साली गेले. मर्यादांचा विचार रडार आल्यावर सुरू झाला. शरीरात किलोमागे सुमारे ४ वॅट शोषले गेले, की प्राण्यांचे अंग तापते, वागणे बिघडते, असे प्रयोगांत दिसले. सामान्य माणसासाठी त्याचा पन्नासावा भाग, ०.०८ वॅट, ही आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरली. टॉवरच्या लहरींसाठी भारताने २०१२ साली आंतरराष्ट्रीय पातळीचा दहावा हिस्साच मान्य केला.